शिगवणकाकांचं दुपटं

मला किळस फार लवकर येते. आई म्हणायची, या पोरीला सासू नको शोधायला, हिचं नाकच हिला पुरेसं आहे. लहानपणी मी पाहुण्यांनी प्यायलेला पेला चार वेळा घासायची आणि तरी त्यातून पाणी प्यायची नाही. आणि अशा बाईला नोकरी कुठे मिळाली, तर जिथे रोज हजारभर माणसं दुसऱ्यांच्या पायांतले बूट भाड्यानं घेतात तिथे.

दुबईतल्या एका मॉलमध्ये आमचं हिवाळ्याचं शहर आहे. त्याला लांबलचक इंग्रजी नाव आहे, पण आम्ही काम करणारे त्याला नुसतं 'आत' म्हणतो. आत बारा महिने उणे चार डिग्री. आत एक रस्ता आहे, दिव्यांचे खांब आहेत, प्लॅस्टिकचे पाव मांडलेली बेकरी आहे, कधीच न सुटणारी ट्राम आहे, आणि चौकात पाचावर थांबलेलं घड्याळ आहे. बाहेर ऑगस्टात स्टिअरिंगला हात लावला तर चटका बसतो, आणि आत लोक कानटोप्या घालून एकमेकांना बर्फाचे गोळे मारत असतात. तिकीट दोनशे चाळीस दिरहम. "म्हणजे साडेपाच हजार!" असं आपल्याकडचा प्रत्येक बाप काउंटरवर मोठ्यानं म्हणतो आणि मग पैसे वसूल करायला पोरांना तीन-तीन तास आत ठेवतो.

त्या तीन तासांत काय होतं ते मला विचारा. परत आलेल्या बुटांतून वाफ निघते. हातमोज्यांच्या अंगठ्याला सगळ्यांचा शेंबूड लागलेला असतो, कारण थंडीत नाक गळतं आणि रुमाल कुणाकडे नसतो. शावर्मा खाऊन आलेलं पोर घसरगुंडीवर ओकतं. एका शहाण्यानं एकदा गुटख्याची पिंक टाकली होती पांढऱ्या बर्फावर. मी तिथली गेस्ट सर्व्हिस सुपरवायझर आहे, म्हणजे हे सगळं बघून हसणं हे माझं काम. पंधरा वर्षं शारजातल्या अल मजाजहून रोज येते, ट्रॅफिकमध्ये तास-दीड तास कुजते, आणि मग पोचून दिवसभर हसते.

आत कुणी घाण केली की मी वॉकीटॉकीवर एकच नाव घ्यायची. शिगवणकाका.

सूर्यकांत शिगवण, गुहागरच्या बाजूचे. वय चोपन्न, आणि आत चौदा वर्षं. अंगानं काडी, पण जॅकेट घातलं की आतल्या शहराचे नगराध्यक्ष वाटायचे. चाळीस मिनिटं आत आणि वीस मिनिटं बाहेर, असा नियम. चाळीस मिनिटं उणे चार आणि मग मॉलच्या मागच्या बोळात, जिथे कचऱ्याचे डबे उन्हात शिजत असतात, वीस मिनिटं. हिवाळा-उन्हाळा, हिवाळा-उन्हाळा, दिवसातून दहा वेळा. त्यांची बोटं गाजरासारखी सुजलेली असायची आणि नखं काळी पडलेली. मला त्या बोटांकडे बघवायचं नाही. हे मी आता कबूल करते.

पोरं आत मुततात. घरी शिकवलेली, महागड्या शाळांत जाणारी पोरंसुद्धा. जाड पँट काढायचा आईबापांना कंटाळा येतो, मग ट्रामच्या मागे नेतात. बर्फ पिवळा होतो, आणि पाच मिनिटांत दुसऱ्या कुणाचं तरी लेकरू तिथे बसून बर्फ तोंडात घालायला लागतं. काकांची पद्धत अशी की खोरं-बादली आणायला जाण्याआधी ते तिथल्याच एखाद्या सोबत्याला त्या डागावर उभं करायचे. कुणी नसलं तर स्वतः उभे राहायचे, दोन्ही पाय फाकवून, आणि मला वॉकीटॉकीवर सांगायचे, "ताई, मी हललो तर पोर खाईल. कुणाला तरी पाठवा, यल्ला, लवकर." चाळीसची पन्नास मिनिटं झाली तरी हलायचे नाहीत. मी एकदा म्हटलं, "काका, तुम्हाला किळस नाही येत?" ते म्हणाले, "माणसाचंच हाय ना, ताई. जनावराचं असतं तर बात वेगळी." मला तर जनावराचं परवडलं असतं.

त्यांची मुलगी दर्शना चिपळूणला दिलेली. लग्नाला पाच वर्षं झाली तेव्हा कुठे दिवस राहिले. पाचवा महिना लागला तेव्हापासून काका अगदी निराळे झाले. फेब्रुवारीअखेर बाळंतपण, त्यांची वीस दिवसांची रजा मंजूर, आणि बाळंतविडा घेऊन जायचं ठरलेलं. आपल्याकडे बाळंतविडा आजोळचा. झबली, टोपरी, आणि मुख्य म्हणजे दुपटं. ते आजीनं शिवायचं. आजी, म्हणजे काकांची बायको, तीन वर्षांपूर्वी वारली. काका पोचले तेव्हा चौथा दिवस होता, आणि तोवर भावजयांनी तिची लुगडी वाटून टाकली होती. एक चिंधी उरली नव्हती.

"बाजारात दुपटी मिळतात की, काका," मी म्हटलं होतं. "इथे काय मस्त ब्लँकेट्स मिळतात बाळांची."

"नव्याला खळ असते, ताई. बाळाच्या अंगाला लागते. जुनंच पाहिजे, वापरून-वापरून मऊ झालेलं. आणि आपल्याच माणसाचं पाहिजे. नवं ब्लँकेट म्हणजे हॉटेलात निजल्यासारखं."

मी हसून विषय सोडून दिला.

आता जॅकेटचं सांगते, कारण सगळं तिथेच घडलं. आम्हा लोकांना दर दोन-तीन वर्षांनी नवं जॅकेट मिळतं. जुनं स्टोअरला परत द्यायचं, मग ते यंत्रात घालून फाडतात. ऑक्टोबरमध्ये जॅकेटं बदलली. काकांनी आपलं जुनं जॅकेट दिलं, पण देण्याआधी त्याचं आतलं अस्तर उसवून काढून घेतलं. करड्या रंगाचं, लोकरीसारखं मऊ अस्तर. कुणी आत उघडून बघितलं नाही. जबल अलीच्या कामगार कॅम्पमध्ये त्यांनी ते धुतलं, पुन्हा धुतलं, गच्चीवर वाळवलं, पुन्हा धुतलं. मग खाली-वर आपली जुनी लुंगी लावून, मधे ते अस्तर घालून, त्या गाजराएवढ्या बोटांनी रोज थोडा थोडा धावदोरा घालत तीन महिन्यांत दुपटं शिवलं. अस्तराच्या शिवणीत नखाएवढी एक पांढरी पट्टी होती. काकांना वाटलं, धुण्याची खूण असेल. राहू दिली.

जानेवारीत एका दुपारी मी पँट्रीत डबा खात होते आणि काका दारात उभे राहिले. बाहेर दोन दिवस पावसाची भुरभुर होती, आणि चौदा डिग्रीत सगळी शारजा स्कीइंगला निघाल्यासारखी कपडे घालून फिरत होती. काकांच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी होती.

"हात धुतलेत, ताई," ते आधीच म्हणाले. पिशवीतून दुपटं काढलं आणि टेबलाच्या रिकाम्या बाजूवर पसरलं. चौकडीच्या लुंगीचं, कोपऱ्यांना लाल कापडाचे त्रिकोण लावलेलं. टाके एका रांगेत नव्हते, पण बारीक होते. "बाईमाणसाच्या नजरेखालून जाऊ दे म्हटलं. आमच्याकडं कॅम्पात सगळे बापये. जरा हात फिरवून बघा, कुठं काय टोचत नाही ना."

माझ्या डोळ्यांसमोर काय आलं ते सांगते. तीन वर्षांचा घाम. त्या काळ्या नखांची बोटं. ओकारी, शेंबूड, पिवळा बर्फ, आणि त्या सगळ्यांतून दिवसभर फिरलेलं जॅकेट. माझ्या तोंडात पोळीचा घास होता, तो गिळवेना.

"माझे हात तेलकट आहेत, काका," मी म्हटलं. "छान झालंय. खूपच छान."

हात तेलकट नव्हते, डब्यात त्या दिवशी कोरडी मुगाची उसळ होती. मी हात फिरवला असता तर ती पट्टी बोटाला लागली असती. असं मऊ कापडात कडक काही लागलं की मी लगेच ओळखते, आणि मग ती तिथेच उसवून टाकली असती. काका खूश होऊन दुपटं घडी घालून घेऊन गेले.

संध्याकाळी सातला स्टाफच्या दारातून बाहेर पडताना गेट वाजलं. ते गेट डिसेंबरमध्येच बसवलं होतं, कारण हातमोजे आणि गॉगल चोरीला जात होते. प्रत्येक जॅकेटच्या अस्तरात कंपनीची चिप असते, तीच ती पांढरी पट्टी, हे आम्हा कुणालाच सांगितलेलं नव्हतं. गेटवरच्या वासिफनं पिशवी उघडली, दुपटं बाहेर काढलं, यंत्रासमोरून फिरवलं. ते पुन्हा वाजलं. वासिफ बिचारा काकांबरोबर रोज चहा पिणारा. त्यानंही मान खाली घातली आणि रिपोर्ट लिहिला.

दुसऱ्या दिवशी एचआरच्या खतीजा मॅडमनी मला बोलावलं, काकांचं हिंदी त्यांना नीट कळेना म्हणून. खतीजा मॅडम वाईट बाई नाही, हे आधी सांगते. टेबलावर दुपटं होतं. उसवलेल्या कोपऱ्यातून करडं अस्तर बाहेर आलं होतं. काका खुर्ची असून उभे होते.

"मॅडम, बच्चे को नया नहीं चलता," ते सांगत होते. "पुराना कपडा लगता है. मेरा ही जॅकेट था. मैंने पहना हुआ."

खतीजा मॅडमनी पेनच्या टोकानं दुपट्याचा कोपरा उचलून बघितला आणि सोडून दिला. हात नाही लावला. मग माझ्याकडे वळून इंग्रजीत म्हणाल्या, "सुजाता, हेड ऑफिसला चोरीची एक केस हवी आहे, तुला माहीत आहे. पण हा माणूस चौदा वर्षं इथे आहे. तो म्हणतो, त्यांच्याकडे नवजात बाळाला मुद्दाम जुन्या, वापरलेल्या कपड्यात ठेवतात. मला हे खरं वाटत नाही, पण मला माहिती नाही. तू त्याच भागातली आहेस. तुमच्यात अशी पद्धत आहे का? असेल तर मी गैरसमज झाला म्हणून लिहीन, एक वॉर्निंग लेटर, खलास. नसेल तर ही चोरी आहे, आणि मला त्याला परत भारतात पाठवावं लागेल."

तुमच्यात. तो शब्द मला झोंबला. मी पेनच्या टोकाकडे बघत होते. मला दिसलं की मी हो म्हटलं की ही गोरीगोमटी, परफ्यूम मारलेली बाई माझ्याकडेही तशीच बघणार. म्हणणार, हिलाही असल्याच फडक्यात गुंडाळलं असेल, हिच्या पोरालाही. काका माझ्याकडे बघत होते, अगदी निर्धास्त. त्यांच्या मते विषय संपला होता. ताई मराठी, ताईंना ठाऊक आहे.

"नो," मी म्हटलं. "नॉट दॅट आय नो ऑफ."

चौदा वर्षांत काकांना एवढं इंग्रजी कळत होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग दुपट्याकडे. खतीजा मॅडमनी टिश्यू घेऊन दुपटं काळ्या पिशवीत टाकलं. कंपनीची वस्तू, ती यंत्रात जायची.

बाहेर पॅसेजमध्ये मी भरभर चालायला लागले तर काका मागून आले. मला वाटलं, आता ओरडणार. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"जाऊ द्या, ताई," ते म्हणाले. "तुमच्याकडं नसंल पद्धत. शहरात दवाखान्यातच सगळं मिळतं. तुम्हाला जे ठाऊक तेच तुम्ही सांगणार. खोटं थोडंच बोलणार?"

माझ्या अंगावर कुणी ओकलं असतं तरी मला इतकी शिसारी आली नसती, जितकी तेव्हा माझी मला आली.

कारण मी साताऱ्याची. विहान शारजात झाला तेव्हा माझी आई बाळंतविडा घेऊन आली होती. त्यात एक दुपटं होतं, तिच्या आणि आजीच्या जुन्या लुगड्यांचं, वर्षभर बसून शिवलेलं. ट्रंकेचा वास, जुन्या सुताचा वास. मी म्हटलं, "आई, शी! इथे सगळं मिळतं." हॉस्पिटलात मला झोप लागल्यावर तिनं विहानला त्यात गुंडाळलं होतं. मी जागी झाले, बघितलं, आणि नर्सला सांगून त्याला पुन्हा हॉस्पिटलच्या टॉवेलमध्ये घातलं. आईनं दुपट्याची घडी घातली आणि उशीखाली ठेवली. गेली नऊ वर्षं त्यात आमच्या मिक्सरची भांडी गुंडाळलेली आहेत, माळ्यावर.

काकांचा व्हिसा रद्द व्हायला दहा दिवस लागले. शुक्रवारचं विमान होतं. त्या दहा दिवसांत मी दोनदा खतीजा मॅडमच्या दारापर्यंत गेले आणि परत आले. अरुणला, माझ्या नवऱ्याला, सांगितलं तर तो म्हणाला, "आता कशाला ओढवून घेतेस? इन्शाल्ला त्यांना दुसरं काहीतरी मिळेल." मला त्याचाही राग आला आणि बरंही वाटलं, आणि ते बरं वाटल्याची पुन्हा किळस आली.

गुरुवारी दुपारी मी माळ्यावरून दुपटं काढलं. मिक्सरची भांडी टॉवेलात गुंडाळून ठेवली. रजा टाकून जबल अलीला गेले. कॅम्पच्या फाटकापाशी वारा सुटला होता, रेती दाताखाली येत होती. गटाराचा टँकर उभा होता आणि त्याच्या नळीतून घाण ठिबकत होती. काका बाहेर आले ते हाफ स्वेटरवर. नवं जॅकेट कंपनीकडेच राहिलं होतं.

"एवढ्या लांब कशाला आलात, ताई?"

मी पिशवी पुढे केली. "काका, हे न्या दर्शनाला. जुनंच आहे. लुगड्याचं."

त्यांनी हात स्वेटरला पुसले आणि दुपटं उघडलं. सुजलेली बोटं सावकाश धावदोऱ्यावरून फिरवली. एका कोपऱ्यात आईनं विहानसाठी भरलेलं फूल होतं, तिथे बोट थांबलं.

"कुणाचं?"

"माझ्या विहानचं. माझ्या आईनं शिवलेलं."

त्यांनी कापड गालाला लावून बघितलं. मग दोन्ही बाजू उलटून बघितल्या, डाग शोधत असल्यासारखं. पोराच्या दुपट्यावर डाग असतात, दुधाचे, शीचे. यावर एकही नव्हता.

"वापरलं न्हाई," ते म्हणाले.

मी टँकरच्या नळीकडे बघत राहिले.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं." आवाज चढलेला नव्हता. त्यांनी नीट घडी घातली, आधी अर्धी, मग पाव. "मग आता त्यांना सांगाल का, मॅडम? माझं विमान उद्या हाय. आज ऑफिस उघडं आसंल."

मॅडम. चौदा वर्षांत ऑफिसच्या लोकांसमोर सोडून त्यांनी मला कधी मॅडम म्हटलं नव्हतं. तिथे आम्ही दोघंच होतो.

"कागद पुढे गेले, काका," मी म्हटलं. "आता काही होत नाही."

कागद पुढे गेले की नाही, मी कुणालाही विचारलेलं नव्हतं.

त्यांनी मान हलवली आणि घडी माझ्या हातात परत दिली. "हे न्या. हे तुमच्या पोराचं आजोळ हाय. दुसऱ्याचं आजोळ घेऊन मी कुठं जाऊ? दर्शनाला सांगीन, बाप हात हलवत आला. पोर जन्माला येतंय, त्याला चोर काय नि साव काय." आणि मग, सवयीनं की कशानं कोण जाणे, म्हणाले, "सावकाश जा. रस्त्यावर रेती आलीय." ते आत गेले. मी टँकरशेजारी उभी होते, आणि पहिल्यांदाच मला घाणीचा वास आला नाही.

घरी पोचले तेव्हा विहान सोफ्यावर आयपॅड घेऊन बसला होता. खिडकी उघडी होती, खाडीवरून गार वारा येत होता, आणि तो अर्ध्या चड्डीत पाय पोटाशी घेऊन बसलेला. मी दुपटं त्याच्या पायांवर टाकलं. नऊ वर्षांच्या पोराला ते गुडघ्यापर्यंतच आलं.

त्यानं वास घेतला. दोन बोटांच्या चिमटीत एक कोपरा धरून, बाकी अंगाला लागू न देता, उचलला. दुसऱ्या हातानं नाक दाबलं, अगदी मी दाबते तसं.

"ईऽऽ, मम्मा," तो म्हणाला. "हूज डर्टी थिंग इज धिस?"